नदाफबाईंची हजेरी

नदाफबाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या भंगाराच्या दुकानात, एका उलट्या बादलीवर बसलेल्या.

माझा लग्नपत्रिका छापायचा लहानसा छापखाना आहे. त्यात पहिल्यांदा घेतलेला कॉम्प्युटर दहाएक वर्षं राबला आणि नंतर त्याहून जास्त वर्षं माळ्यावर पडून राहिला. बायकोच्या रोजच्या बोलण्याला कंटाळून एका सकाळी मी तो रिक्षात घातला आणि भंगारवाल्याकडे नेला. त्यानं तो तराजूवर चढवला, तेवढ्यात बाजूच्या बादलीवरून आवाज आला.

"आतली डिस्क पुसलीत का?"

वळून पाहिलं. पासष्टीच्या पुढच्या एक बाई. सुती साडी, डोक्यावरून पदर, पायात मात्र मुलांचे असतात तसे कॅनव्हासचे बूट. मांडीवर कुठल्यातरी यंत्राचं हिरवं सर्किट आणि हातात भिंग.

"वरनं पुसलाय की फडक्यानं," मी म्हणालो.

"वरनं नाही हो, आतली! काय काम करायचात ह्यावर?"

"पत्रिका. लग्नाच्या."

"म्हणजे किती घरांचे पत्ते, किती पोरींची नावं, बापांचे फोन नंबर, कुणाचं कुठं जमलं, सगळं आत आहे. आणि ते तुम्ही वजनावर विकताय?"

भंगारवाला हसला. मला हसू आलं नाही. बाई उठल्या, तराजूवरचा माझा कॉम्प्युटर त्यांनी स्वतःच्या हातानं खाली उतरवला आणि विचारलं, "रिक्षा सोडली नाही ना अजून? चला मग. जुळे सोलापूरला, माझ्या घरी जायचंय."

ना नाव विचारलं, ना सांगितलं. वाटेत रिक्षावाल्यानंच त्यांना "बाई, आज काय गावलं?" असं विचारलं तेव्हा कळलं की ह्या कुठल्यातरी शाळेतल्या बाई असणार.

रेहाना नदाफ. मुलींच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं. ऐंशीच्या दशकात शाळेला सरकारकडून दोन कॉम्प्युटर आले, तेव्हा त्यांना हात लावायला कुणी तयार होईना. शॉक बसेल, बिघडला तर पगारातून कापतील, अशी भीती. मुख्याध्यापकांनी सगळ्यांत तरुण शिक्षिकेच्या गळ्यात ते काम मारलं. बाई सांगायच्या, "मला म्हणाले, तुम्ही लहान आहात, तुम्हांला शॉक सोसेल." त्या दिवसापासून शाळेच्या त्या कोपऱ्यातल्या खोलीच्या त्या मालकीण झाल्या.

मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. नदाफसाहेब वारले होते, मुलगा हैदराबादला होता. दोन खोल्यांच्या फ्लॅटमधली मोठी खोली यंत्रांना दिलेली होती आणि लहानीत बाई राहायच्या. भिंतीला लोखंडी मांडण्या. त्यांवर जुने कॉम्प्युटर, कीबोर्ड, पेटीसारखे मॉनिटर, कॅसेटचे टेपरेकॉर्डर. शेंगाचटणीच्या रिकाम्या बरण्यांत आकारमानाप्रमाणे लावलेले स्क्रू. एकाही यंत्रावर धूळ नाही. दारामागे वॉश बेसिन आणि त्याच्यावर बाईंच्या सुंदर अक्षरातली पाटी: "आधी हात धुवा, मग बोला."

माझी डिस्क त्यांनी त्या दिवशी काढून घेतली, मला समोर बसवलं आणि तिच्यातल्या पत्रिका एकेक करून दाखवल्या. मी विसरलेली नावं, विसरलेले मजकूर. त्यांतल्या दोन पोरींच्या पोरांच्या पत्रिका मी त्याच वर्षी छापल्या होत्या. मग बाईंनी विचारलं, "ठेवायचं काय आणि पुसायचं काय, ते तुम्ही सांगा. वस्तू तुमची आहे, पण आतली माणसं तुमची नाहीत." असं मला कुणी कधी बोललं नव्हतं. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "रविवारी सकाळी मी नसतो आता."

रविवारी दहाला त्यांच्याकडे तिघं जमायचो. मी, गड्डम आणि माने. गड्डमचं शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्याचे वडील चादरीच्या मागांसाठी नक्षीची पुठ्ठ्याची कार्डं पंच करायचे. बाई पूर्वी दरवर्षी वर्गाला त्यांच्या शेडमध्ये न्यायच्या आणि कार्डातली भोकं दाखवून सांगायच्या, "भोक असलं तर हो, नसलं तर नाही. कॉम्प्युटरला एवढंच कळतं, पोरींनो. बाकी सगळं आपण त्याला समजावून सांगायचं." गड्डम तेव्हापासून त्यांना ओळखायचा. माने चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. मूळचा जेऊरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. हात असा हलका, की तो सोल्डरचा डाग देताना धूरसुद्धा सरळ वर जायचा.

काम सुरू व्हायच्या आधी हजेरी व्हायची. खरीखुरी. शाळेतला हजेरीपट त्यांनी कुठून तरी पैदा केला होता आणि त्यात प्रत्येक यंत्राचा नंबर होता. बाई नंबर पुकारायच्या, आमच्यातला कुणीतरी ते यंत्र चालू करायचा. पडदा उजळला की "उपस्थित". नाही उजळला तर लगेच "गैरहजर" नाही लिहायच्या. आधी "आजारी" लिहायच्या. तीन रविवार आजारी राहिलं की मग ते टेबलावर यायचं.

"माझ्या पटावर गैरहजर कुणी नसतं," त्या म्हणायच्या. "आजारी असतं, नाहीतर घरी काहीतरी अडचण असते."

ही यंत्रं इंटरनेटला जोडलेली नव्हती, जोडण्यासारखी नव्हतीच. "ह्या माझ्या म्हाताऱ्या. घराबाहेर पडत नाहीत. म्हणून ह्यांना कुणी फसवत नाही," असं बाई म्हणायच्या, आणि तिथूनच रविवारच्या चहाबरोबर बाहेरच्या जगाचा विषय निघायचा. कुणाला कुठला फोन आला, कुठल्या लिंकवर कुणी बोट ठेवलं, कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर एके सकाळी सगळ्या फाइली कुलूपबंद होऊन खंडणीची चिठ्ठी कशी आली. हे सगळं बाई एखाद्या प्रकरणासारखं सोडवायच्या. चोर कुठून आत आला? दार कुणी उघडं ठेवलं? का ठेवलं? त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "घाई कोण करतंय ते बघा. जो घाई करतो, तो चोर."

मानेचा पासवर्ड त्याच्या बैलाचं नाव होता. ते त्यानं एकदा मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"माने, हे तुम्ही आत्ता आम्हांला सांगितलंत," बाई म्हणाल्या.

"तुमी घरचीच की, बाई."

"घरचं कुणी नसतं पासवर्डला. बदला. आत्ता, माझ्यासमोर. पण मला दाखवू नका."

मानेनं खिडकीकडे तोंड करून पासवर्ड बदलला. पुढच्या रविवारी तो विसरला होता.

आता गच्चीबद्दल सांगायला हवं. जुन्या यंत्रांचं प्लास्टिक काळानं पिवळं पडतं. ते पुन्हा पांढरं करायची एक रीत आहे. केसांना लावायचं ब्लीच प्लास्टिकला चोपडायचं, वरून पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा आणि उन्हात ठेवायचं. परदेशातले छंदिष्ट म्हणे त्यासाठी खास दिवे वापरतात. बाईंना हे वाचून भयंकर हसू आलं. "ऊन विकत घेतात! त्यांना म्हणावं, या सोलापूरला. आम्ही वाटतो."

त्या ब्यूटी पार्लरमध्ये जाऊन ब्लीचच्या सहा बाटल्या घेऊन आल्या. पार्लरमधल्या मुलीनं बाईंच्या पांढऱ्या केसांकडे बघत विचारलं, "सगळं तुम्हांलाच, आँटी?" बाई म्हणाल्या, "नाही गं, कीबोर्डला." ती मुलगी नंतर खास बघायला आली होती.

मे महिन्यात सोसायटीच्या गच्चीवर एका बाजूला पापड, कुरडया, सांडगे आणि दुसऱ्या बाजूला साडीवर ओळीनं मांडलेली कीबोर्डची बटणं, असं दृश्य असायचं. वरच्या मजल्यावरच्या काकू पापड उलटायला गेल्या की बाईंची बटणंही उलटायच्या. एका दुपारी कावळ्यानं पापड सोडून एक बटण उचललं. क्यू अक्षराचं. काकू आरडाओरडा करत खाली आल्या, बाई वर धावल्या, आणि मग पुढचा तासभर, कावळा जाऊन बसला त्या समोरच्या कडुलिंबाखाली आम्ही तिघं माना वर करून उभे होतो.

"बाई, क्यू कोन वापरतंय ओ? न्हाय असलं तरी चालतंय की," माने वैतागून म्हणाला.

"पटावर नाव आहे तर वर्गात दिसलंच पाहिजे," बाई म्हणाल्या.

शेवटी गड्डमनं सागवानाच्या तुकड्यातून क्यू घडवला. तो इतका नीट बसला, की पुढं तोच बाईंचा सगळ्यांत लाडका कीबोर्ड झाला.

असं सगळं छान चाललं होतं, आणि मग बाई स्वतःच फसल्या.

एका दुपारी गड्डमचा फोन आला. "बिराजदार, दुकानात ये. बाई हितं हायत. काहीतरी झालंय." मी गेलो. बाई दुकानातल्या स्टुलावर बसल्या होत्या. पदर खांद्यावर घसरला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. समोर जुनी, शाळेतली, मुलींच्या नावानंबरांची वही.

झालं होतं असं. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या नंबरवरून मेसेज आला. 'बाई, माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या फोनवर आलाय. लवकर पाठवा ना, मुलीचा परीक्षेचा फॉर्म भरतेय, पाच मिनिटांत बंद होईल.' बाईंनी कोड पाठवला. तो कोड बाईंच्याच मेसेजच्या खात्याचा होता, आणि त्या विद्यार्थिनीचं खातं आदल्याच दिवशी चोरांच्या हातात गेलेलं होतं. पाच मिनिटांत बाईंचं खातंही गेलं. मग बाईंच्या नावानं, बाईंच्या फोटोसकट, त्यांच्या सगळ्या मुलींना मेसेज गेले. 'मी दवाखान्यात आहे. पैसे हवेत. कुणाला सांगू नकोस.'

आणि मुलींनी पाठवले. पुण्याच्या, मुंबईच्या, दुबईच्या, चिंचोळीतल्या. कुणी विचारलंसुद्धा नाही. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं.

"मी घाई केली," बाई म्हणाल्या. "परीक्षेचा फॉर्म म्हणाली ना... मी बघितलंच नाही कोण घाई करतंय ते."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला.

"क्या जी, बिराजदार. तुम्ही मला समजावू नका. फोन द्या."

बँकेला फोन, पोलिसांकडे तक्रार, ते सगळं गड्डमनं आणि मी केलं. बाई मात्र वही उघडून, एकेक नाव घेऊन, गड्डमच्या फोनवरून फोन करत बसल्या. "मी नदाफबाई. मी बरी आहे. तो मेसेज माझा नव्हता. माझ्या चुकीमुळं तुला त्रास झाला." दोन दिवस त्या हेच करत होत्या. बऱ्याच मुली फोनवर रडल्या, पैशांसाठी नव्हे, बाई धडधाकट आहेत म्हणून. एक जण म्हणाली, "बाई, पाठवताना बरं वाटलं हो मला. तुमच्या कामाला आले असं वाटलं." तो फोन ठेवल्यावर बाईंनी वही मिटली.

त्याच रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचं भाषण ठेवलेलं होतं. विषय होता, इंटरनेटवर फसवणूक कशी टाळावी. सेक्रेटरी घरी आले. म्हणाले, "बाई, पुढच्या महिन्यात ठेवू या का? लोक हसतील."

"हसू देत की," बाई म्हणाल्या.

हॉल भरला होता. बातमी सगळीकडे पोचली होतीच. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी नेहमीचं काहीच सांगितलं नाही. स्वतःचीच गोष्ट सांगितली, क्रमानं. फोन कुठं ठेवला होता, चहा कसा गॅसवर होता, मेसेज वाचून काय वाटलं, बोट कुठं ठेवलं. स्वतःला जरासुद्धा सोडलं नाही. मग म्हणाल्या, "तीस वर्षं मी मुलींना सांगत आले, चूक झाली तर खाडाखोड करू नका, एक रेघ मारा, खाली बरोबर उत्तर लिहा. म्हणजे चूक काय होती ते दिसतं. तेच मी आज केलं. आता तुमच्यापैकी कुणाला काही सांगायचंय का?"

मग मागच्या रांगेतून खालच्या मजल्यावरचे निवृत्त तलाठी उभे राहिले. आठ महिन्यांपूर्वी त्यांना पोलिसाच्या वेशातल्या माणसानं व्हिडिओवर दिवसभर खोलीत बसवून ठेवलं होतं. अटक करतो म्हणाला होता. त्यांनी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. बायको शेजारीच बसलेली होती. तिनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि म्हणाली, "म्हणून तुमी जेवत नव्हता व्हय?" त्यांच्यानंतर अजून चौघं बोलले. त्या दिवशी हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

बाईंनी पुढं मला सांगितलं, "चोराचं निम्मं काम आपली लाज करते, बिराजदार. मला हे माहीत नव्हतं. फसल्यावर कळलं."

त्यानंतरच्या वर्षी शाळेनं अडगळीची खोली साफ करायला काढली, आणि मोडक्या बाकांच्या खाली शाळेच्या त्या पहिल्या दोन कॉम्प्युटरांपैकी एक सापडला. बाईंनी रीतसर अर्ज केला आणि तो घरी आणला. आत उंदरांचं घरटं होतं. आठ महिने आम्ही त्यावर काम केलं. मानेनं फुगलेले कपॅसिटर एकेक करून बदलले, बाईंनी खोडरबरानं संपर्काच्या पट्ट्या घासल्या, गड्डमनं पॉवर सप्लाय नव्यानं बांधला. ज्या सकाळी पडद्यावर पहिलं पांढरं अक्षर उमटलं, त्या सकाळी बाईंनी हजेरीपटात एक नंबर लिहून त्याच्यापुढं मोठ्या अक्षरात "उपस्थित" लिहिलं आणि आम्हांला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि खीर, असं जेवायला घातलं.

यंत्राबरोबर कॅसेटचा एक डबाही आला होता. त्या काळी मुलींनी लिहिलेले प्रोग्रॅम गाण्याच्या असतात तशाच कॅसेटवर ठेवायचे. टेप लावला की कर्कश किंचाळी ऐकू येते आणि त्या किंचाळीतून प्रोग्रॅम यंत्रात उतरतो. बाई ती ऐकूनच सांगायच्या, "हा नीट चाललाय", "हा आता थांबेल". बहुतेक कॅसेटींना बुरशी धरली होती. गड्डमनं त्यांतल्या काही स्पिरिटनं हातभर हातभर करून पुसल्या. त्यांतल्या एका कॅसेटवर बालबोध अक्षरात लिहिलं होतं, 'पद्मा, ८ वी क'.

बाईंनी ती कॅसेट हातात घेतली.

पद्मा त्यांची फार हुशार विद्यार्थिनी होती. तेलुगू घरातली, आई विड्या वळायची. आठवीत असतानाच पद्मा काविळीनं गेली. बाई म्हणाल्या, "शेवटच्या महिन्यात ती रोज शाळा सुटल्यावर ह्या यंत्रावर काहीतरी करत बसायची. मी विचारलं तर म्हणायची, झाल्यावर दाखवीन."

कॅसेट लावली. किंचाळी संपली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं. 'नाव काय?' बाईंनी टाइप केलं, पद्मा. पुढचा प्रश्न आला. 'गुप्त शब्द?'

माने हळूच म्हणाला, "बाई, ह्ये तर सोपं हाय. प्रोग्रॅम मधीच थांबवायचा नि समदा मजकूर पडद्यावर काडायचा. गुप्त शब्द आतच लिवलेला असनार. एक मिंटाचं काम."

"मला माहीत आहे, माने."

"मंग?"

"कुलूप कसं लावायचं ते तिला मीच शिकवलं," बाई म्हणाल्या. "आता ती नाही म्हणून मीच ते तोडू?"

"पन बाई, आत काय हाय त्ये कळाय नको?"

"कळायला हवं की नको, ते सांगणारी एक आहे."

ती पद्माची आई. नरसम्मा. पंचाहत्तरीच्या घरात होती. गड्डमनं पूर्व भागात चौकशी करून तिला शोधलं आणि पुढच्या रविवारी रिक्षानं घेऊन आला. ती दारातच थबकली, चपला काढल्या, पाटी वाचता येत नव्हती तरी सगळे हात धुतात म्हणून हात धुतले आणि खुर्चीवर न बसता खाली बसली. बाईंनी यंत्र टेबलावरून खाली सतरंजीवर उतरवायला सांगितलं. मग स्वतःही तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या.

"हे पद्मानं केलंय," बाई म्हणाल्या. "तिनं ह्याला कुलूप लावलंय. एक शब्द सांगितला की उघडेल. तुम्हांला काही सुचतंय?"

नरसम्मानं धाकट्या मुलाचं लाडाचं नाव सांगितलं. बाईंनी ते घातलं. 'चूक'. मग तिनं घरच्या शेळीचं नाव सांगितलं. 'चूक'. मग बराच वेळ विचार करून कुलदेवतेचं. तिसऱ्यांदा चुकल्यावर पडदा कोरा झाला आणि मधोमध एक ओळ आली. बाईंनी ती मोठ्यानं वाचली.

"जा, अभ्यास कर."

नरसम्मा एकदम हसली. खळखळून, तोंडावर पदर घेऊन. मग गड्डमकडे वळून तेलुगूत काहीतरी म्हणाली. हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. गड्डमनं आम्हांला सांगितलं, "म्हणतेय, हे मीच म्हणायची तिला. विड्या वळायला माझ्याजवळ येऊन बसली की. पो, चदुवुको."

"पो, चदुवुको," नरसम्मा पडद्याकडे बघून पुन्हा म्हणाली.

मग बाई म्हणाल्या, "नरसम्मा, शब्द माहीत नसला तरी मला हे उघडता येतं. पण तुम्ही हो म्हणालात तरच. तुमचा हक्क आहे. आत काय आहे ते मलाही माहीत नाही."

नरसम्मानं विचार केला. मानेनं हात मांडीखाली घेतले होते.

"नको," ती मराठीत म्हणाली. "तेरा वर्षाची पोरगी. आईला सांगायचं नसंल काही." आणि मग बाईंच्या हाताला हात लावून म्हणाली, "अजून एकदा चुकवा की."

बाईंनी पुन्हा प्रोग्रॅम चालवला आणि तीनदा चुकीचे शब्द घातले. पुन्हा तीच ओळ आली. त्या सकाळी बाईंनी ते कितीदा केलं, मी मोजलं नाही. पुढं नरसम्मा महिन्यातून एखाद्या रविवारी यायची. यंत्र खाली उतरवलं जायचं. ती स्वतः एका बोटानं कुठलीही बटणं दाबायची, तीनदा, आणि बाई वाचायच्या. माने त्यानंतर पुन्हा कधी म्हणाला नाही की उघडून बघू या.

काचबिंदूनं बाईंची नजर गेली ती हळूहळू. आधी स्क्रू चुकीच्या बरणीत पडू लागले. मग हजेरीपटातली अक्षरं ओळीबाहेर जाऊ लागली. डॉक्टरांनी सोल्डरचे डाग द्यायला मनाई केली, तेव्हा बाईंनी निमूटपणे आपली डागणी मानेच्या हातात दिली. म्हणाल्या, "टोक स्वच्छ ठेवा." एवढंच. त्यांनी यंत्रं वाटून टाकायला सुरुवात केली. काही गड्डमकडे गेली. पद्माचं यंत्रही त्याच्याच दुकानात गेलं, कारण ते नरसम्माच्या घरापासून चालत जाण्यासारखं होतं. माझा छापखान्याचा कॉम्प्युटर मला परत मिळाला. तो आता माळ्यावर नाही.

मागच्या वर्षी अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावच्या शाळेतून त्यांना फोन आला. अडगळीत जुनं यंत्र आहे, मास्तर टाकून द्यायचं म्हणतायत. मुलगा हैदराबादहून फोनवर नको नको म्हणत होता. बाईंना नीट दिसत नव्हतं. पण अक्कलकोटला धाकटी बहीण होती, तिच्याकडे उतरते आणि भाच्याला घेऊन जाते, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी म्हणालो, "बाई, मी येतो बरोबर." तर म्हणाल्या, "तुमच्या लग्नसराईचे दिवस. पत्रिका उशिरा गेली तर लोक मला शिव्या देतील."

त्यांनी ते यंत्र पाहिलं. बहिणीच्या घरी परतल्या, दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी सकाळी हृदय बंद पडलं. भाच्यानं फोन केला तेव्हा मी पत्रिकांचे गठ्ठे बांधत होतो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या अक्कलकोटला निघाल्या तेव्हा, एसटी स्टँडवर. सकाळी मीच त्यांना स्कूटरवर मागं बसवून नेलं होतं. वाटभर त्या मला खड्डे सांगत होत्या, दिसत नसताना, केवळ सवयीनं. गाडी लागलेलीच होती. मी त्यांची पिशवी वर चढवली, खिडकीजवळची जागा धरून दिली आणि खाली उतरलो. कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीतून त्यांचा चेहरा दिसत होता. मी हात वर केला, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. शेजारी एक खेड्यातली बाई मांडीवर गाठोडं घेऊन अंग चोरून बसली होती. नदाफबाई तिच्याकडे वळून, कुठं निघालात, असं कानडीत विचारत होत्या, "एल्लिगे होंटीरी, अक्का?" त्या बाईनं काहीतरी उत्तर दिलं, दोघी हसल्या, आणि तिनं गाठोडं पायाशी ठेवून बाईंना ऐसपैस बसायला जागा करून दिली. गाडी मागं आली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. तोवर दोघींचं बोलणं चांगलंच रंगलं होतं.